गाडीची सगळी वीज एकदम गेली तर बॅटरीआधी सांधे बघा

प्रश्न थोडक्यात असा. आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. जांबोटीकडून बेळगावला येताना भर पावसात हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर चालू होते. गाडी एका खड्ड्यात आदळली आणि सगळं एकदम बंद पडलं. इंजिन बंद, डॅशबोर्ड काळा, हॉर्न नाही, हॅझार्ड नाही, सेंट्रल लॉकही नाही. चौघांनी ढकलून कडेला घेतली. दहा-पंधरा मिनिटांनी बॉनेट उघडून परत आपटलं, किल्ली फिरवली, तर काही झालंच नव्हतं अशी सुरू झाली. त्यानंतर दोनदा तसंच झालं. एका गॅरेजमध्ये सांगितलं बॅटरी गेली, दुसऱ्यात सांगितलं ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बदला. मीटरवर बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवते.

निदान आज तरी दोन्ही घेऊ नका.

आधी ईसीएमचं बघू, कारण ते हजारोंचं काम आहे. ईसीएम मेला तर इंजिन सुरू होणार नाही, फारतर सेल्फ फिरणार नाही. पण ब्रेक लाइट आणि हेडलाइट ईसीएमच्या भरवशावर जळत नाहीत. ते सगळे एकाच क्षणी गेले, याचा अर्थ त्या सगळ्यांना सामाईक असलेलं काहीतरी तुटलं. गाडीत अशा सामाईक जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत: बॅटरीचं पोट, तिचे दोन खांब आणि त्यावरचे क्लॅम्प, प्लसच्या केबलवरचा मोठा मेन फ्यूज, आणि मायनसची केबल जिथे बॉडीला आणि गिअरबॉक्सला बोल्टने बसवलेली असते त्या जागा. दोष यांच्यापैकी एकात आहे. गाडीभर वायरिंग उसवायची गरज नाही.

स्कॅनर लावल्यावर 'अमुक मॉड्यूलशी (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरशी) संपर्क नाही' अशा कोडची रांग निघाली असेल, आणि त्यावरूनच ईसीएमचं नाव पुढे आलं असेल. व्होल्टेज क्षणभर जरी ८-९ च्या खाली गेलं तरी एकेक मॉड्यूल झोपतं आणि बाकीचे त्याच्या नावाने तक्रार नोंदवतात. ते कोड वीज गेल्याचा परिणाम आहेत. पुसून टाका, सांधे दुरुस्त झाल्यावर पुन्हा वाचा. बहुतेक वेळा एकही परत येत नाही.

आता १२.५ व्होल्टचं कोडं. सगळी गोम इथेच आहे. डिजिटल मल्टिमीटरला दाखवायला जवळजवळ काहीच करंट लागत नाही, त्याचा आतला रेझिस्टन्स साधारण १ कोटी ओहम असतो. त्यामुळे वाटेत गंज असो, अर्धवट तुटलेली तार असो, मीटर निवांतपणे १२.५ दाखवतो. गाडीला मात्र खराखुरा करंट हवा असतो. समजा क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्ये फक्त ०.१ ओहमचा अडथळा आहे. रूम लाइट अर्धा अँपिअरही घेत नाही, त्याला काही कळणार नाही. दोन्ही हेडलाइट मिळून ९-१० अँपिअर घेतात, म्हणजे त्या सांध्यातच १ व्होल्ट जातो आणि उजेड जरा पिवळा पडतो. सेल्फला १०० अँपिअरच्या वर हवेत, त्याला अर्धेसुद्धा व्होल्ट पोचत नाहीत, तो 'टक' करून गप्प बसतो. त्या वेळी वाटेतून ८० अँपिअर जरी गेले तरी त्या एका सांध्यात ६४० वॉट उष्णता तयार होते, एखाद्या लहान इस्त्रीएवढी. सांधा तापतो, शिसं फुगतं, ठिणगी पडून पृष्ठभाग काळा पडतो आणि अडथळा अजून वाढतो. हाच अडथळा १० ओहमवर गेला की हेडलाइट लागणार नाहीत, हॉर्न वाजणार नाही, डॅशबोर्ड उठणार नाही. मीटर तरीही १२.५!

दहा मिनिटांनी गाडी आपोआप का जिवंत झाली, तेही यातच आलं. सांधा थंड झाला, बॉनेट आपटल्याने जरासा हलला, धातूला धातू परत टेकला. संपलेली बॅटरी दहा मिनिटं उभी राहून भरत नाही. दोष येतो-जातो, धक्क्याने येतो आणि धक्क्याने जातो, एवढ्यावरूनच सैल सांध्याचा संशय पहिला.

चालत्या गाडीत बॅटरीचा सांधा सुटला तर डायनॅमोवर गाडी चालत राहायला हवी होती, अशी शंका कुणी काढेल. काही वेळा राहतेही. पण तुमच्याकडे हेडलाइट, वायपर, ब्लोअर असा सगळा भार होता आणि खड्ड्यासाठी पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला. आयडलवर एकटा डायनॅमो एवढा भार पेलत नाही. व्होल्टेज कोसळतं, त्याचं स्वतःचं फील्ड (आतलं चुंबकत्व) विझतं, इंजिन बंद पडतं आणि मग काळोख. शिवाय डायनॅमोचा मायनस इंजिनच्या लोखंडातून बॉडीकडे जातो. इंजिन-बॉडीमधली अर्थची (अर्थिंगची, म्हणजे मायनसची) वाट तुटली तर डायनॅमो कितीही बनवो, दिव्यांपर्यंत पोचत नाही.

आता तपासणी. लागणारं सामान फार नाही. १० नंबरचा पाना, मल्टिमीटर, जंपर केबल आणि घरी बनवलेला टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होल्डरसकट घ्या, त्याला दीड-दोन मीटरच्या दोन वायरी जोडा, टोकांना मगरचिमटे. हा बल्ब पावणेदोन अँपिअर खातो, त्यामुळे गंजलेल्या सांध्यावर तो फसत नाही, सरळ मंद होतो किंवा विझतो. बाजारात पेनासारखा एलईडीवाला टेस्टर मिळतो, तो या कामाला नको, कारण तोही मीटरसारखाच खोटं बोलतो. फक्त एक पथ्य: हा लॅम्प जाड वायरी, फ्यूज आणि सांध्यांवरच वापरायचा. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना हात लावायचा नाही. ईसीएमच्या बारीक पिनांनाही नाही.

दोष हजर असताना तपासणं सोपं, म्हणून गाडी मेलेली असेल तेव्हाच पहिली चाचणी करा. हेडलाइटचा स्विच चालू ठेवा, मग ते लागोत न लागोत. मीटरची दोन टोकं बॅटरीच्या खांबांवर लावा. क्लॅम्पवर नव्हे, वर दिसणाऱ्या शिशाच्या गोल खांबाच्या मधोमध. हा फरक बारीक आहे, पण सगळं निदान त्यावर उभं आहे. खांबावर १२ च्या वर व्होल्ट आणि गाडीत अंधार, तर बॅटरी निर्दोष, दोष बाहेर. खांबावरच आकडा २-३ वर कोसळला आणि हेडलाइट बंद केल्याबरोबर परत १२.५ झाला, तर मात्र बॅटरीच्या पोटात दोष आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत ६ सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यांच्यामधली शिशाची पट्टी तडकली की बॅटरी अशीच वागते, नुसती बघाल तर ठणठणीत, भार टाकला की मेलेली, खड्ड्यात आदळली की परत जिवंत. ही बॅटरी चार्ज करून वापरायची नाही. आत ठिणगी पडते आणि वर हायड्रोजन असतो, केस फुटू शकतं. बदलायची ती एवढ्याच कारणासाठी, मीटरवर १२.५ आहे म्हणून ठेवायची नाही आणि कुणी 'बॅटरी होगेद री' (बॅटरी गेलीय हो) म्हटलं म्हणून टाकायचीही नाही.

दोष हजर नसेल, गाडी नीट चालू असेल, तर तोच दोष मुद्दाम बाहेर काढावा लागतो. रात्री किंवा गॅरेजच्या अंधारात रूम लाइट आणि हेडलाइट लावा, एकाला आत बसवा, आणि तुम्ही बॉनेटखाली एकेक केबल हाताने हलवा. आधी मायनसचा क्लॅम्प पिळून बघा. हाताने तो तसूभरही फिरता कामा नये. फिरला तर तिथेच थांबा, सापडलं. मग प्लसचा. मग मायनसची केबल बॉडीपर्यंत आणि गिअरबॉक्सपर्यंत, मग मेन फ्यूजच्या डबीला हलकी टिचकी. आतला माणूस फक्त 'गेला' किंवा 'आला' एवढंच ओरडेल.

यासोबत आणखी एक खूण बघा. रूम लाइट लावून सेल्फ मारा आणि दिव्याकडे बघा. दिवा तसाच लख्ख आणि सेल्फ गप्प: वीज आहे, पण सेल्फपर्यंतची आज्ञा पोचत नाही; किल्लीचा स्विच, क्लच स्विच किंवा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच). दिवा हळूहळू लालसर होत मावळला आणि टकटक आवाज आला: बॅटरी उतरलीय. दिवा झटकन पूर्ण विझला आणि किल्ली सोडल्यावर एक-दोन सेकंदांनी, कधी त्याहून उशिरा, परत आला: सांधा. ही खूण घाटातही चालते, तिला मीटर लागत नाही.

आता आकड्यांनी. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, एक टोक मायनसच्या खांबावर, दुसरं त्याच खांबावर बसलेल्या क्लॅम्पवर. कुणीतरी सेल्फ मारताना आकडा वाचा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर सांधा चांगला. अर्धा व्होल्ट दिसला तर काढून साफ करा. नंतर खांब ते इंजिन ब्लॉकचं उघडं लोखंड: ०.२ ते ०.३ च्या आत. खांब ते बॉडी: हेडलाइट चालू असताना ०.१ च्या आसपास. प्लस बाजूला खांब ते सेल्फचा जाड बोल्ट: ०.५ च्या आत. इंजिन लगेच सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवा आणि सेल्फ एका वेळी ५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. या चाचणीत मीटर खोटं बोलू शकत नाही, कारण करंट वाहत असतानाच आपण हरवलेले व्होल्ट मोजतो. रेझिस्टन्स मोजायच्या ओहमच्या खाचेवर हे काम होत नाही. केबलच्या १०० तारांपैकी एक जरी शिल्लक असली तरी ओहममीटर 'बरोबर आहे' म्हणतो.

मीटर नसेल तर जंपर केबल. काळ्या केबलचं एक टोक मायनसच्या खांबाला (क्लॅम्पला नाही), दुसरं टोक बॉडीच्या रंग नसलेल्या जाड बोल्टला. गाडी जिवंत झाली तर मायनसच्या क्लॅम्पपासून बॉडीपर्यंतच्या वाटेत कुठेतरी दोष आहे. तेच टोक इंजिनच्या लोखंडाला लावल्यावर सेल्फ फिरला तर क्लॅम्पपासून इंजिनपर्यंतच्या वाटेत. ही परीक्षा फक्त मायनस बाजूला करायची. प्लस बाजूला केबल लावून मेन फ्यूजला वळसा घालायचा नाही. तिथे टेस्ट लॅम्प: एक चिमटा मायनसच्या खांबाला कायम, दुसऱ्याने क्रमाने पुढे जा. प्लसचा खांब, क्लॅम्प, मेन फ्यूजची अलीकडची बाजू, पलीकडची बाजू, फ्यूज बॉक्सचा बोल्ट, मग छोटे फ्यूज. जिथे लॅम्प मंद झाला किंवा विझला, त्याच्या एक पायरी आधीची जागा आणि ही जागा, यांच्यामध्ये दोष.

मेन फ्यूजबद्दल थोडं सविस्तर, कारण तो पाहूनही फसगत होते. काही गाड्यांत तो थेट बॅटरीच्या प्लस क्लॅम्पवरच्या पट्टीत असतो, काहींत बॉनेटखालच्या काळ्या डबीत पारदर्शक झाकणाखाली. ६० ते १२० अँपिअरचा, आणि छोट्या फ्यूजसारखा ओढून निघत नाही, बोल्टने कसलेला असतो. ओढाल तर डबी तुटेल. आतली पट्टी वरून अखंड दिसते, पण केसाएवढी चीर पडलेली असते. थंड असताना टेकते, तापली की सुटते. त्यामुळे डोळ्यांनी नाही, भार टाकून दोन्ही बाजूंना लॅम्प लावूनच ठरवायचं. त्याचे बोल्ट सैल असले तरी हीच लक्षणं, आणि डबीचं प्लॅस्टिक त्या जागी तपकिरी झालेलं दिसतं.

हा फ्यूज खरोखर उडालेला असेल तर नवीन बसवण्याआधी कारण शोधा. नेहमीची कारणं तीन. बॅटरी किंवा जंपर उलटा लावला. डायनॅमोचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) शॉर्ट झाले. किंवा ॲम्प्लिफायर, फॉग लॅम्प, जादा हॉर्न यांची वायर विनाफ्यूज बॅटरीवरून ओढलेली आहे आणि ती कुठेतरी पत्र्यावर घासली. डायोड बघायचे तर बॅटरी सोडवा, मीटर डायोडच्या खाचेवर ठेवा, डायनॅमोच्या जाड बी-प्लस बोल्टपासून त्याच्या बॉडीपर्यंत दोन्ही दिशांनी मोजा. एका दिशेला ०.८ ते १ च्या आसपास आणि दुसऱ्या दिशेला काहीच नाही, तर ठीक. दोन्हीकडे शून्याजवळ असेल तर डायनॅमो रिवाइंडिंगवाल्याकडे. आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून गाडी घरी नेण्याचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. पुढच्या शॉर्टला मग फ्यूज उडत नाही, हार्नेस (वायरींचा जुडगा) पेटतो.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय मायनसच्या क्लॅम्पवर, दुसरा त्याच केबलच्या बॉडीकडच्या लगवर (केबलच्या टोकाची धातूची कडी). पावसाळी भागातल्या गाडीत ही दुसरी जागा हमखास दगा देते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात चार महिने पाणी आणि लाल चिखल. लग पत्र्याला जिथे टेकतो तिथे रंगाखालून गंज शिरतो, बोल्ट वरून घट्ट दिसतो, आत मात्र तपकिरी पापुद्रा. बोल्ट उघडल्याशिवाय कळत नाही. याच्या उलट चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या उन्हाळ्यात बॅटरीच आधी जाते. थंडीने बॅटरी मरते हा समज आपल्याकडे लागू नाही. उष्णतेने पाणी उडतं, प्लेटा झिजतात, आणि तीन-चार वर्षांत ती संपते. तेव्हा त्याच लक्षणाचा अर्थ संकेश्वरच्या पुढे आणि खानापूरच्या पलीकडे थोडा वेगळा लावावा लागतो.

साफसफाईचा क्रम. किल्ली बाहेर काढा. आधी मायनस सोडवा, मग प्लस. लावताना आधी प्लस, शेवटी मायनस. प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि मायनस अजून जोडलेला असेल, तर तो पाना म्हणजे थेट शॉर्ट सर्किट, लाल होऊन चिकटतो. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. पांढरी-हिरवी पावडर असेल तर पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशने घासा. फेस येईल तो येऊ द्या, पण सेलच्या झाकणांतून थेंब आत जाऊ देऊ नका. साध्या पाण्याने धुवा, पुसा, पूर्ण वाळवा. खांबाची बाहेरची आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत शिसं दिसेपर्यंत घासा. क्लॅम्प खांबावर पूर्ण खाली बसला पाहिजे, वर अर्धवट लटकलेला नको. पाना मारून कसा, हातोडीने ठोकू नका, खांब आतून सुटतो. पेट्रोलियम जेली सगळं कसून झाल्यावर वरून लावायची. आधी लावली तर ती मध्ये बसते.

क्लॅम्प ढिला पडला म्हणून मध्ये तांब्याच्या तारेचे तुकडे, टिनची पट्टी किंवा चक्क खिळा ठोकलेला अनेक गाड्यांत सापडतो. महिनाभर चालतं, मग तिथेच जास्त गंज धरतो, कारण दोन वेगळे धातू, मध्ये ॲसिडची वाफ. क्लॅम्प पूर्ण आवळूनही फिरत असेल तर तो ताणला गेलाय, नवीन घाला. कधी कधी बॅटरी बदलताना बारीक खांबाची आणली जाते आणि क्लॅम्प जुनाच असतो, तेही बघा.

केबलचा लग हाताने वाकवून बघा. इन्शुलेशनखाली कुरकुर लागली किंवा हिरवी भुकटी दिसली तर केबल गेली. लगच्या टोकाला वरून सोल्डर ओतून भागत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत केबल-लगचं काम करणाऱ्यांकडे त्याच जाडीची नवीन केबल हायड्रॉलिक प्रेसने लग दाबून मिळेल. जुनी केबल नमुना म्हणून बरोबर न्या, लांबी आणि लगच्या भोकाचा आकार दोन्ही जुळायला हवेत. काही नव्या गाड्यांत मायनस क्लॅम्पवरच छोटी प्लॅस्टिकची डबी असते, तो करंट सेन्सर. त्याला पिळायचं नाही, आणि त्या गाडीला जंपर लावताना काळा चिमटा बॉडीच्या बोल्टलाच लावायचा.

जंपर लावल्यावर गाडी लगेच सुरू झाली म्हणून बॅटरी गेली, हा निष्कर्ष घाईचा आहे. जंपरचा चिमटा बहुतेक वेळा क्लॅम्पला पकडतो. म्हणजे खांब-क्लॅम्पमधल्या खराब सांध्याला वळसा घालून दुसऱ्या गाडीची वीज थेट आत जाते. गाडी सुरू होते, सगळे बॅटरीला दोष देतात, नवी बॅटरी येते. ती बसवताना क्लॅम्प हलतो, घासतो, थोडा साफ होतो, म्हणून गाडी दोन महिने नीट चालते. मग परत तेच.

जंपर लावायची पाळी आलीच तर लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला. काळा दुसऱ्या गाडीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. पाच-दहा मिनिटं थांबून सेल्फ. आपल्याकडे रस्त्यावर मदतीला थांबणारं वाहन बहुधा उसाचा ट्रक किंवा ट्रॅक्टर असतो. ट्रॅक्टर चालतो, तो १२ व्होल्टचा. ट्रकला २४ व्होल्ट असतात, दोन बॅटऱ्या एकामागे एक. त्याला जंपर लावलात तर मग ईसीएम खरोखरच बदलावा लागेल.

तसंच इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून डायनॅमो तपासायचा जुना प्रकार. ती युक्ती कार्ब्युरेटरच्या काळातली. बॅटरी नसली की डायनॅमोचं व्होल्टेज क्षणात कित्येक पट उसळतं आणि पहिला बळी इलेक्ट्रॉनिक्सचा. डायनॅमो तपासायचा तर इंजिन चालू ठेवून खांबांवर मीटर लावा: १३.८ ते १४.५, हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावरही १३.५ च्या खाली नको. काही नव्या गाड्या इंधन वाचवायला चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, त्यांत क्षणभर १२.८ दिसलं तर घाबरू नका. थोडं थांबा, भार टाका, परत बघा.

डायनॅमो किंवा त्याचा बेल्ट गेल्यावरचा मृत्यू वेगळा दिसतो, तो एकदम येत नाही. आधी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा, मग हेडलाइट पिवळे, वायपर आळसावलेले, म्युझिक बंद, शेवटी इंजिन. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ एएचच्या (अँपिअर-अवरच्या) आसपास. रात्री पावसात सगळं मिळून २५-३० अँपिअर जातात, म्हणजे हिशेबाने तासभर, प्रत्यक्षात कमी. बेळगावहून निघालात तर निपाणी येईल न येईल. बेल्ट तुटला असेल आणि त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असेल तर तेवढंही जायचं नाही, इंजिन तापून हेड जाईल.

काही गोष्टी चालू आणि काही बंद असतील तर वाट आणखी वेगळी. ब्रेक लाइट आणि हॅझार्डला किल्ली लागत नाही. हे दोन्ही चालतात आणि किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्ड काळाच, तर बॅटरी, क्लॅम्प, अर्थ सगळं ठीक. किल्लीचा स्विच, त्याचा फ्यूज किंवा मेन रिले बघा. किल्ली हलकेच मागे-पुढे केल्यावर डॅशबोर्ड लुकलुकला तर स्विचचे कॉन्टॅक्ट जळलेत. किल्लीला घराच्या, दुकानाच्या, गोडाउनच्या चाव्यांचा जुडगा लटकवणाऱ्यांना हे हमखास भोगावं लागतं.

डाव्या सीटपुढचं कार्पेट दाबून बघायला विसरू नका. विंडशील्डखालच्या जाळीत झाडाची पानं अडकली की तिथलं पाणी बाहेर जायच्या नळीऐवजी आत डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समध्ये उतरतं. टिळकवाडीसारख्या झाडांच्या भागात बाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे बघाच. कार्पेट ओलं असेल तर फ्यूज बॉक्स उघडून हिरवे झालेले कनेक्टर शोधा, जाळी साफ करा. ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर गोठ्याकडे आणि गाड्यांकडे वळतात, तेव्हा वायरी कुरतडलेल्या आहेत का तेही एकदा. पण उंदराने सगळी वीज एकदम घालवणं क्वचितच, कारण जाड केबल तो सहसा कुरतडत नाही.

गाडी रस्त्यात परत अशी मेली तर काय, हे आधीच माहीत असलेलं बरं. इंजिन बंद पडलं की इलेक्ट्रिक स्टिअरिंग जड होतं, पण फिरतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरती ताकद उरते, म्हणून पंप करत बसू नका, एकदाच भक्कम दाबून कडेला घ्या. गाडी थांबेपर्यंत किल्ली बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. हॅझार्ड लागणार नाहीत, तेव्हा त्रिकोण ५० मीटर मागे, हायवेवर त्याहून लांब, वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा. माणसं गाडीत नाही, रस्त्याच्या बाहेर. मदतीला फोन: राष्ट्रीय महामार्गावर १०३३, एरवी ११२. चोर्ला घाटात आणि भीमगडच्या जंगलाजवळ मोबाइलला रेंज सापडेलच असं नाही, म्हणून १० नंबरचा पाना, टॉर्च आणि टेस्ट लॅम्प डिकीत कायम असू द्या. ऑटोमॅटिक गाडी 'पी'मधून निघत नसेल तर गिअर लिव्हरजवळ छोटं झाकण असतं, त्याखाली लॉक सोडायची खाच. दार उघडत नसेल तर रिमोटच्या पोटात साधी किल्ली असते. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते आणि सांधे तपासायचे हे नियम बहुतांशी तिलाही लागू. नारिंगी केबलींना मात्र हात नाही.

काम झाल्यावर सांध्यांवरचे आकडे परत घ्या आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसह लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करायला सोपं. मग हेडलाइट, वायपर, ब्लोअर लावून त्याच जांबोटीच्या रस्त्यावरून एक फेरी. आठवडाभराने दोन्ही क्लॅम्पला परत पाना लावा. शिसं मऊ असतं, दाबाखाली बसतं, आणि पहिल्या दिवशी घट्ट लागलेला क्लॅम्प आठ दिवसांनी अर्धा आटा तरी आणखी घेतोच.